तिन्ही आघाड्या ‘सांभाळल्या’ म्हणजे काय? : बेबीताई कांबळे यांच्या स्मरणानिमित्ताने

स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी लिहावयाचे झाले, की एक वाक्य हमखास उतरते : व्यवसाय, संसार आणि समाजकार्य या तिन्ही आघाड्या त्यांनी समर्थपणे सांभाळल्या. वाक्यात खोटे काही नसते. परंतु ‘सांभाळल्या’ या एका क्रियापदाखाली किती काय झाकले जाते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत पाठात आम्ही तोच विचार एका चरित्राच्या आधारे करणार आहोत. ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाच्या लेखिका बेबीताई कांबळे यांचे ते चरित्र. त्या सह्याद्रीच्या पलीकडल्या, सातारा जिल्ह्यातील फलटणच्या. तरीही मालवणच्या किनाऱ्यावरील या निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांना स्थान आहे, कारण त्यांनीही एक निवासी शाळा उभारली होती.

बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, पुरंदर तालुक्यातील वीरगाव या आजोळचा. महारवाड्यातील दारिद्र्य, आषाढातील देवदेवस्की, पोतराज, सासुरवासाने पिचलेल्या कोवळ्या सुना हे सारे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. वडील बांधकामाची ठेकेदारी करीत. त्यामुळे घरची स्थिती भोवतालच्या मानाने बरी होती. शिक्षण प्राथमिक इयत्तांपुरते झाले आणि तेराव्या वर्षी विवाह झाला. दहा अपत्ये झाली, त्यांतील तीन दगावली. चरित्राचा हा सांगाडा एवढाच. त्या पिढीतील हजारो स्त्रियांचा तो असाच असेल.

वेगळेपणाची सुरुवात दुकानापासून होते. पतिपत्नींनी प्रथम थोडीशी द्राक्षे विकत आणून विकली, मग भाजीपाला आणि पुढे वस्तीतच किराणा मालाचे छोटे दुकान घातले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु ज्या समाजाला गावकीची कामे, मेलेली जनावरे ओढणे आणि शिळी भाकरी मागून आणणे एवढाच ‘हक्क’ ठरवून दिलेला होता, त्या समाजातील स्त्री तराजू हाती घेऊन गल्ल्यावर बसते, ही घटना लहान नव्हे. सवर्णांच्या दुकानाच्या पायरीखाली उभे राहून, वरून टाकलेले मीठमिरची झेलणाऱ्या माणसांना आता सन्मानाने माल देणारे घरचे दुकान मिळाले.

याच दुकानात बेबीताईंचे खरे शिक्षण झाले. पुड्या बांधण्यासाठी रद्दीचे कागद येत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या ते कागद वाचीत. पुढे त्यांनी ग्रंथालयातून पुस्तके आणण्यास आरंभ केला, आणि वाचता वाचता त्या लिहू लागल्या. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोलका तपशील हाच आहे. व्यवसाय, संसार आणि समाजकार्य यांचे तीन निरनिराळे कप्पे त्यांच्या आयुष्यात नव्हतेच. ज्या रद्दीत साखर बांधली जाई, त्याच रद्दीतून विद्या येई. ज्या गल्ल्यातून मुले शिकत, त्याच गल्ल्याच्या आधाराने लेखन होई.

आता ‘सांभाळणे’ या शब्दाची दुसरी बाजू पाहू. हे लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले. कागद कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून घरात कोठेतरी अडगळीत दडवीत. का? कारण बाईने लिहावे हे घरातील पुरुषांना रुचले नसते. मूळ मराठी पुस्तकात त्यांनी पतीच्या हातचा मार फारसा सांगितलेला नाही. डॉ. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ २००८ साली प्रसिद्ध झाला; त्यास जोडलेल्या मुलाखतीत मात्र त्या मोकळेपणाने बोलल्या आहेत. सभेसाठी मुंबईस जात असता गाडीच्या गर्दीच्या डब्यात काही तरुणांनी त्यांच्याकडे पाहिले, एवढ्याच संशयावरून पतीने नाकातून रक्त येईपर्यंत मारल्याचा प्रसंग त्यांनी तेथे सांगितला आहे. प्रवास चळवळीच्या सभेसाठी होता, हे विसरू नये. बाहेर समतेसाठी लढणारा पुरुष घरात समता विसरत होता, आणि ती विसरलेली समता अंगावर सोसून स्त्री त्याच सभेस जाऊन बसत होती.

मग हे पुस्तकात का नाही? पुस्तकाच्या नावातच उत्तर आहे. ‘जिणं माझं’ असे ते नाव नाही, ‘जिणं आमुचं’ असे आहे. त्या लिहितात त्या साऱ्या वस्तीच्या वतीने. आपला मार हा आपल्या एकटीचा नव्हे, बहुतेक बायांच्या वाट्याला आलेले ते जिणे आहे, अशी त्यांची भूमिका होती. परंतु ‘आम्ही’ म्हणताना स्वतःच्या समाजाला त्यांनी मोकळे सोडलेले नाही. सुनेला छळणारी सासू, अंगात येणारे दैवत, आणि शिकून नोकरीस लागल्यावर वस्तीकडे पाठ फिरविणारे सुशिक्षित या साऱ्यांवर त्यांनी कठोर शब्दांत लिहिले आहे. शेवटचा आरोप माजी विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावा. तो गोड करून सांगणे आम्हास योग्य वाटत नाही.

डॉ. मॅक्सिन बर्नसन या फलटणला येऊन स्थायिक झालेल्या विदुषी. त्यांच्या आग्रहामुळे हे दडविलेले कागद उजेडात आले. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून लेखन क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पुस्तकात जेजुरी येथील बाबासाहेबांच्या भाषणाचे वर्णन आहे. मुलामुलींना शाळेत घाला, या त्यांच्या सांगण्याने वस्तीतील अडाणी बाया कशा हलल्या, ते बेबीताई सांगतात. कुणी काहीही म्हणो, देवास नवस बोलण्यापेक्षा पोराच्या पाटीला पैसे द्यावेत हा हिशेब त्या बायांना पुरुषांच्या आधी कळला, असे ते वर्णन वाचून वाटते.

त्या सांगण्याचा बेबीताईंनी लावलेला अर्थ फलटणजवळील निंबुरे गावी पाहावयास मिळतो. मागासलेल्या समाजांतील मुलांसाठी तेथे त्यांनी शासनमान्य निवासी शाळा सुरू केली. निवासी शाळेचे काम काय असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. पहाटेची घंटा, पंक्तीतले जेवण, आजारी मुलाच्या उशाशी जागलेली रात्र, अनुदानाचा हप्ता लांबला की वाण्याकडे वाढत जाणारी उधारी. पोटासाठी फिरणाऱ्या आईबापांच्या मुलांना शाळेच्या आधी छप्पर लागते. आपल्या जिल्ह्यात चिरेखाणींवर मजुरीस येणाऱ्या कुटुंबांची मुले पाहिली, की ही गरज पलीकडल्या घाटाचीच नाही हे ध्यानी येते. दहा बाळंतपणे झालेल्या, दुकानाच्या हिशेबात मुरलेल्या बाईने शेकडो मुलांच्या शिध्याचा हिशेब अंगावर घेतला. हे धाडस तिला दुकानाने शिकविले असावे, असा आमचा कयास आहे.

कोकणातही ही परंपरा आहे. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच जिल्ह्यात ऊर्मिला पवार वाढल्या. आईने बांबूची सुपे-टोपल्या विणून मुले शिकविली. त्या विणीवरूनच २००३ सालच्या आत्मकथनास ‘आयदान’ हे नाव पडले. सरकारी नोकरी आणि घर यांतून वेळ काढून ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले. १९८९ साली प्रसिद्ध झालेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. त्या वेळी विचारले नसते, तर त्यांतील अनेकींचे कार्य त्यांच्याबरोबरच गेले असते.

बेबीताई २१ एप्रिल २०१२ रोजी गेल्या. त्यांचे कागद कोणीतरी वेळीच मागितले, म्हणून उरले. आपल्या वाडीतील जी वृद्ध शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडीची ताई किंवा टोपली घेऊन बाजारास जाणारी आजी ‘सारे सांभाळून’ बसली आहे, तिला पुढील सुट्टीत विचारावयाचे काही प्रश्न विद्यार्थ्यांसाठी येथे देतो. पहिली कमाई किती होती व ती कोणाच्या हाती दिली? सभेस जाताना लहान मूल कोणापाशी ठेवीत होतात? घरातून विरोध कोणी केला? काय लिहावेसे वाटले व लिहिले नाही? उत्तरे तिच्याच बोलीत, मालवणीत असल्यास मालवणीत, जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. आणि छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवून तिची संमती घ्यावी.