वय आणि दात

वय झाले की दात पडायचेच, असा समज घरोघरी रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाही. वयोमानाने दातांवरील एनॅमल झिजते, ते पुन्हा तयार होत नाही. आतील पिवळसर डेंटिनची छटा उमटून दात पिवळे भासतात. हा वयाचा परिणाम होय. दात हलणे व पडणे मात्र बहुधा हिरड्यांच्या रोगामुळे घडते. तंबाखू आणि मधुमेह यांनी तो बळावतो. म्हणूनच जपानने १९८९ साली ऐंशीव्या वर्षीही वीस दात टिकविण्याचे ध्येय लोकांपुढे ठेवले.

आपल्याकडील अनेक आया-आज्या आजही मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात काळवंडतात, हिरड्या सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सौंदर्योपचारांचा क्रम ध्यानी ठेवावा. प्रथम दातांची सफाई व हिरड्यांवर उपचार. नंतर ब्लीचिंग, त्याने कॅपचा रंग मात्र बदलत नाही. तुटलेल्या कडेस कंपोझिट, फार झिजलेल्या दातास कॅप, पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज, कवळी किंवा, जबड्याचे हाड पुरेसे असल्यास, इम्प्लांट.

लोणी, घुलेवाडी (संगमनेर) व वडगाव गुप्ता येथे दंत महाविद्यालये आहेत. तेथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. कवळी ही चैन नव्हे. दात गेले की भाकरी सुटते आणि भाकरी सुटली की अंगातले बळ ओसरते.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा हा पाठ आजीस वाचून दाखवा आणि तिला तपासणीस घेऊन जा.