उघडा फिस्टुला आणि वापरता येणारा फिस्टुला

मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस करावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण रक्त त्या यंत्रापर्यंत न्यायचे कसे? नेहमीच्या हिमोडायलिसिसमध्ये आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, मिनिटाला ३०० ते ४०० मिलिलिटर रक्त बाहेर काढून, शुद्ध करून परत शरीरात सोडतात. हातावरची साधी शीर एवढा प्रवाह देऊ शकत नाही. धमनीत प्रवाह भरपूर असतो, पण ती खोलवर असते आणि तिला वारंवार सुई टोचणे धोक्याचे असते.

१९६० साली सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी हाताबाहेर कायम ठेवली. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षे जगले. पण बाहेरच्या नळीत जंतुसंसर्ग होई, गुठळ्या होत. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी नळीच काढून टाकली आणि मनगटाजवळ धमनी व शीर कातडीखालीच एकमेकींना जोडल्या. हाच फिस्टुला.

फिस्टुला 'तयार' होतो म्हणजे काय?

धमनीचे रक्त जोराने शिरेत शिरते. त्या दाबाने शीर रुंदावते, तिची भिंत जाड होते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती जाड सुया सहन करू लागते. तोवर डायलिसिस सुरू करावे लागले, तर बहुधा मानेतून हृदयाजवळ जाणारा कॅथेटर बसवतात. ही नळी शरीराबाहेरून थेट रक्तात जाते, त्यामुळे संसर्गाचा धोका मोठा. म्हणून फिस्टुला तयार व्हायला लागणारा प्रत्येक जादा आठवडा रुग्णाला महागात पडतो.

अडचण अशी की बरेच फिस्टुला तयारच होत नाहीत. काही सुरुवातीलाच गुठळी होऊन बंद पडतात. मग गुठळी रोखणारे औषध दिले तर?

एक चाचणी, दोन उत्तरे

हा प्रश्न अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने तपासला. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आले. नवा फिस्टुला केलेल्या ८७७ रुग्णांपैकी काहींना सहा आठवडे क्लोपिडोग्रेल आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले.

सहा आठवड्यांनी औषध न घेतलेल्यांपैकी १९.५ टक्के फिस्टुला गुठळीने बंद पडले होते, औषध घेतलेल्यांपैकी १२.२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की ठरलेली रुग्णसंख्या पुरी होण्याआधीच नवी नोंदणी थांबवली गेली.

पण संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली होती: त्या फिस्टुलातून पुरेशा वेगाने, पुन्हापुन्हा डायलिसिस करता येते का? इथे औषध घेतलेल्यांपैकी ६१.८ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ५९.५ टक्के फिस्टुला अपुरे ठरले. म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही.

असे का? गुठळी हे अपयशाचे एकच कारण आहे. जोडाजवळ शिरेच्या आतल्या थरात पेशी वाढून वाट अरुंद होते, किंवा शीर मुळात रुंदावतच नाही. अशा फिस्टुलात रक्त वाहत राहते, तो 'उघडा' असतो, पण यंत्राला लागणारा प्रवाह देऊ शकत नाही.

फक्त पहिला आकडा मोजला असता, तर हे औषध यशस्वी म्हणून सर्रास दिले गेले असते. रुग्णाला मात्र मानेतला कॅथेटर कधी निघेल हे हवे असते. म्हणून औषधाच्या संशोधनाची बातमी वाचताना 'किती टक्के फायदा' याआधी 'नेमके काय मोजले' हे पाहावे.

या विषयातला विचारही पुढे सरकला आहे. २००३ पासून अमेरिकेत 'फिस्टुला फर्स्ट' मोहिमेने फिस्टुलांचे प्रमाण वाढवण्यावर भर दिला. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना मात्र प्रत्येक रुग्णाचे वय, शिरा, प्रकृती आणि प्रत्यारोपणाची शक्यता पाहून आखणी करायला सांगतात. काहींसाठी कृत्रिम नळीचा ग्राफ्ट किंवा कॅथेटरही योग्य ठरू शकतो.

घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर

- आजार वाढत असेल, तर डायलिसिसची वेळ येण्याआधीच डॉक्टरांशी या जोडणीबद्दल बोला.
- हाताच्या शिरा जपा. शक्यतो तळहाताच्या मागच्या बाजूने रक्त द्या.
- फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, रक्त तपासणीची सुई टोचू देऊ नका. सुट्टीत भारतात गेल्यावर तिथल्या लॅबमध्येही हे आधीच सांगा.
- फिस्टुलावर बोटे ठेवून रोज थरथर तपासा. ती जाणवेनाशी झाली, तर त्याच दिवशी डायलिसिस केंद्राला फोन करा.
- डॉक्टरांना 'फिस्टुला चालू आहे का?' एवढेच विचारू नका. 'यातून डायलिसिस कधी करता येईल, आणि नाहीच झाले तर पुढे काय?' हेही विचारा.