तरुणांचा राग व गावाची बैठक



जयसिंगपूर ही राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनकपित्याच्या नावाने वसविलेली पेठ. शिरोळ तालुक्यातील गावोगावची माणसे येथे बाजारास येतात व मालाबरोबर वार्ताही घेऊन जातात. त्यांत खरी वार्ता असते तशी खोटीही असते. आणि खोट्या वार्तेने पहिल्याने पेटतो तो तरुण. तरुणांच्या हातून होणारी मारामारी व दगडफेक गावाने कशी टाळावी, हा ह्या पाठाचा विषय आहे. त्याचे सार इतकेच की, भांडणाच्या दिवशी बोलाविलेली बैठक उशिराची होय. शांततेची बैठक भांडण नसताना भरवावी लागते.

१. अनर्थ कसा ओढवतो

सन २०२३ च्या जून महिन्यात कोल्हापूर शहरात काय घडले ते पुष्कळांस आठवत असेल. काही मुलांनी आपल्या मोबाईलवर आक्षेपार्ह ‘स्टेटस’ ठेवले. त्याच्या निषेधार्थ ७ जून रोजी बंद पुकारण्यात आला, मोठा जमाव रस्त्यावर उतरला व दगडफेक झाली. पोलिसांस लाठीमार करावा लागला, अश्रुधूर सोडावा लागला आणि इंटरनेटही बंद ठेवावे लागले. ज्यांचा त्या मजकुराशी काडीचाही संबंध नव्हता त्यांच्या दुकानांची व वाहनांची नासधूस झाली.

आता विचार करा. असा मजकूर मुलाने पाठविला तेव्हा त्यास ‘बाळा, हे पुसून टाक’ असे सांगणारे वडीलधारे माणूस जवळ होते काय? दगड उचलणाऱ्या मुलाचा हात धरणारा कोणी होता काय? राग तर सर्वांसच येतो. परंतु रिकामा वेळ, जमावाची भीड आणि आपले म्हणणारे कोणी नाही अशी भावना, ही तीन एकत्र आली म्हणजे रागाचा दगड होतो. मग चिथावणी देणारे घरी जातात आणि गुन्हा मात्र मुलाच्या नावे नोंदला जातो. आपल्या जिल्ह्यातील किती मुले पहाटे उठून पोलीस व सैन्य भरतीसाठी धावतात! अशा मुलाची चारित्र्य पडताळणी होते तेव्हा एका दुपारचा अविचार त्याच्या वर्षांच्या मेहनतीआड उभा राहतो.

२. भिवंडीचा धडा

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथे १९७० व १९८४ साली भयंकर दंगे होऊन अनेकांचे प्राण गेले. पुढे १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. त्यांनी दंगा झाल्यावर धावण्यापेक्षा आधीच माणसे जोडण्याचे मनावर घेतले. वस्तीवस्तीतून सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. त्यांत हिंदू व मुसलमान शेजारी एकत्र बसत व पोलीसही बसत. नळाचे पाणी, रस्त्यावरील दिवे, शेजाऱ्यांची कुरबुर अशा लहानसहान गोष्टी तेथे बोलल्या जात. ह्या बैठकांतूनच एकमेकांची नावे व घरे ठाऊक झाली, आणि अफवा आली असता कोणास विचारावे हे कळू लागले.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगे उसळले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० दिली आहे. त्या वेळी भिवंडी शांत राहिली. खोपडे तोवर बदलून गेले होते. पण त्यांनी लावलेली बैठकीची रीत उभी होती. हे पाहून १९९४ साली मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींनी व पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी मोहल्ला समितीची चळवळ आरंभिली. तिने तरुणांकरिता क्रिकेटचे सामनेही भरविले.

तथापि शांतता वारशाने मिळत नाही. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दंगा होऊन दोन पोलीस मारले गेले. विहीर एकदा खणली म्हणून गाळ काढावाच लागत नाही असे नव्हे.

३. आपल्या जवळचे बळ

आपला मुलूख ह्या बाबतीत दरिद्री नाही. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड येथे पाच मशिदींत गणपती बसतो. मोहरम व गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा, जसे २०१८ व २०१९ साली, पंजे व गणपती एका छताखाली होते. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली व ग्रामसभांनी तंटामुक्ती समित्या नेमल्या. शिवाय गावोगावी तालमी आहेत. वस्तादाचा शब्द मुलगा सहसा मोडीत नाही.

४. कर्तव्य

एक: शिक्षक, पोलीस पाटील, वस्ताद, तरुण मंडळाचे पुढारी आणि सर्व समाजांतील वडीलधारी माणसे यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. आपली मंडळी लहान असली तरी उपदेशकाने आमंत्रणाची वाट न पाहता तेथे जावे.

दोन: ह्या बैठकीत चार तरुणांस सभासद म्हणून बसवावे, केवळ सतरंजी उचलण्यास नव्हे. ज्यास उत्सवाची व्यवस्था सोपविली तो ती मोडू देत नाही.

तीन: अफवा आल्यास प्रथम कोणी कोणास विचारावे हे आधीच ठरवावे.

चार: १८ वर्षांखालील मुलाकडून अपराध घडल्यास त्यास टाकून देऊ नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्यास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. साहाय्यास १०९८ हा क्रमांक आहे. ज्यास गाव परत घेत नाही त्यास टोळी घेते.

अभ्यासाचे प्रश्न

१. आपल्या गावातील तरुण सायंकाळी कोठे बसतात, व त्यांच्याशी कोण बोलतो?
२. उद्या अफवा आली तर पलीकडच्या आळीतील कोणास आपण नावाने हाक मारू शकू?
३. भिवंडीच्या बैठकींत पाण्याच्या नळाची चर्चा का होत असे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास उमगले त्यास हा पाठ समजला. दुसऱ्याचे उत्तर ज्यास देता येत नाही त्याने ह्याच आठवड्यात त्या आळीत जाऊन यावे.