उत्तम गडी आणि कप्तान

कबड्डीत जो सर्वांत जास्त गडी टिपतो, त्याच्याच गळ्यात कप्तानपदाची माळ घालायची, ही आपल्या शिरूर-दौंड भागातली जुनी रीत. दोन्ही कामे एकाच गुणाची आहेत असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक जरा तपासून पाहण्याजोगे आहे.

सचिन तेंडुलकर १९९६ मध्ये, २३ व्या वर्षी, भारताचे कप्तान झाले. दोन कारकिर्दी मिळून २५ कसोटींत ४ विजय आणि ९ पराभव त्यांच्या वाट्याला आले. मार्च १९९७ मध्ये ब्रिजटाऊनला विजयासाठी १२० धावा हव्या असताना संघ ८१ धावांत गारद झाला. सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परदेशात तो संघच दुबळा होता. पण धावा काढण्याची आपली विद्या दुसऱ्याच्या मनगटात घालता येत नाही, हेही खरे.

अजित वाडेकरही मूळचे धावांचे धनी. १९६६-६७ च्या रणजी हंगामात त्यांनी ३२३ धावांची खेळी केली होती. विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने १९७१ साली ते कप्तान झाले. वेस्ट इंडीजमध्ये त्यांची स्वतःची बॅट फारशी तळपली नाही. गावसकरांनी ७७४ आणि सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात गेल्यामुळे सामना चार दिवसांचा ठरला आणि १५० धावांच्या आघाडीवरही फॉलोऑन देता येत होता. आघाडी १७० ची होती. वाडेकरांनी तो नियम ध्यानात ठेवून फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला, पण मालिका आपण १-० ने जिंकलो. त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हलवर ते सकाळीच ४५ धावांवर धावबाद झाले, आणि ड्रेसिंगरूममध्ये येऊन चक्क झोपले! उरलेल्या धावा इतरांनी काढायच्या होत्या. त्यांनी त्या काढल्या. (१९७४ मध्ये इंग्लंडातच ०-३ अशी धूळधाणही त्यांना पाहावी लागली.)

दौंडकडच्या गुऱ्हाळातला गुळव्या पाहा. पाक थंड पाण्यात टाकून गोळी पाहण्याची जाण त्याची. पण जाळ घालणारा दुसरा आणि काहील उतरवणारे तिसरे. पाक तयार झाला हे एकट्याला कळून भागत नाही. जाळ त्याच घटकेला ओढला गेला नाही, तर सारी काहील करपते.

चढाईला सारखा जाणारा गडी बाद होऊन बाहेरही अधिक वेळ बसतो. तेवढ्या वेळात मैदानावर कोण कोणाला जागा दाखवतो, एवढे यंदाच्या निवडीपूर्वी जिमखान्याने सरावाच्या वेळी पाहावे.