‘पेशी कमी झाल्या’ म्हणजे नेमके काय झाले?



पावसाळा सरता सरता डेंग्यूचा ताप वाढतो आणि घाटनांदूरच्या आपल्या वस्तीत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘पेशी किती आल्या?’ आकडा लाखाच्या खाली गेला की घरात रडारड. कोणी पपईचा पाला आणायला धावते, कोणी व्याजाने पैसे काढते. दुःखाला कारण असते हे तथागतांनी शिकवले. म्हणून या आकड्याचेही कारण आधी समजून घेऊ.

या ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट. बरेच जण त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात, पण त्या वेगळ्या. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. प्लेटलेट जखमेवर चिकटून रक्त थांबवतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या अहवालात त्या दीड ते साडेचार लाख असतात. एक प्लेटलेट आठ-दहा दिवसच जगते, म्हणून शरीराला रोज नव्या घडवाव्या लागतात.

त्या हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. तिथे मेगॅकॅरिओसाइट नावाची भलीमोठी पेशी असते. ती स्वतःचे विभाजन न करता वाढत जाते, रक्तवाहिनीत धाग्यांसारखे हात सोडते आणि ते हात तुटून प्लेटलेट बनतात. एका पेशीतून हजारावर प्लेटलेट निघतात.

किती बनवायच्या, हे कोण सांगते? मुख्यतः यकृत. ते थ्रॉम्बोपोएटिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. शास्त्रज्ञांना ते 1994 साली हाती लागले. हे द्रव्य मगजातल्या पेशीच्या दाराची कडी वाजवते. दाराआड ‘जॅक-2’ नावाचे प्रथिन जागे होते, ते ‘स्टॅट-5’ला निरोप देते आणि स्टॅट-5 तो पेशीच्या केंद्रकापर्यंत नेते, ‘वाढ, प्लेटलेट घडव.’ रक्तातल्या प्लेटलेटही हेच द्रव्य शोषून घेतात. त्या भरपूर असल्या तर द्रव्य थोडे उरते आणि काम मंदावते. त्या घटल्या की द्रव्य जास्त उरते आणि मगज जोमाने कामाला लागतो. हाच तो कार्यकारणभाव.

डेंग्यूत विषाणू काही दिवस मगजाचे काम मंदावतो आणि रक्तातल्या प्लेटलेटही नष्ट होतात. आजार ओसरला की निरोप पोहोचतो. पण नवी पेशी पक्व व्हायला काही दिवस लागतात. त्यानंतर बहुतेकांचा आकडा आपोआप चढतो. म्हणून पाल्याच्या रसावर विसंबून दवाखाना टाळू नका आणि नुसता आकडा पाहून प्लेटलेटच्या पिशवीचा हट्टही धरू नका. पिशवी लागेल की नाही, हे रक्तस्राव आणि रुग्णाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात.

खरा धोका बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना असतो. तेव्हा रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू शकते. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, ग्लानी. यातले एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी थांबू नका. जवळचा सरकारी दवाखाना किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा.

तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक दुकानातून आणून घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव वाढतो. पाणी, मीठ-साखरेचे पाणी, पेज थोडी थोडी देत राहा. रांजण, ड्रम आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. डेंग्यूचा डास मुख्यतः साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

आणखी एक. दान केलेल्या प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. 14 एप्रिलच्या शिबिरात दिलेल्या प्लेटलेट ऑक्टोबरात कामी येत नाहीत. म्हणून विहारात रक्तदात्यांची, त्यांच्या रक्तगटाची यादी लावून ठेवू. वेळेला ती व्याजाच्या पैशापेक्षा मोलाची ठरेल.

नमो बुद्धाय! जय भीम!