न उघडलेल्या पत्रांविषयी

मोताळा, जि. बुलढाणा

चि. भाच्यास,

ज्या ईमेल-कार्यक्रमात केवळ अक्षरे दिसतात, चित्रे आणि रंगीत चौकटी दिसत नाहीत, अशा कार्यक्रमात एचटीएमएल स्वरूपाचे पत्र उघडण्यास विलंब का लागतो, हा प्रश्न तांत्रिक असून त्याचे उत्तरही तांत्रिकच आहे. परंतु त्या विलंबास कंटाळून चिरंजीवाने सर्व्हरवर असा नियम लावला आहे की, ज्या पत्रात कोठेही एचटीएमएल भाग आढळेल ते पत्र न वाचताच वेगळ्या कप्प्यात जावे, आणि तो कप्पा त्याने पुण्यास गेल्यापासून उघडलेलाच नाही, असे धाकटीकडून मोताळ्यास कळले. ही बातमी खोटी ठरली तर घरात सर्वांत अधिक आनंद मामालाच होईल. ती खरी असेल तर मात्र पुढील मजकूर वाचल्याशिवाय तो नियम तसाच चालू ठेवू नये.

त्या कप्प्यात ताईचे पत्र आहे. कार्यालयाच्या वेळेत फोन केला तर मुलाच्या कामात अडथळा येईल, या समजुतीने ती फोन टाळते हे घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणून चष्मा लावून मोबाइलवर एकेक देवनागरी अक्षर शोधत तिने ते पत्र लिहिले. मोबाइलवरून निघणाऱ्या बहुतेक पत्रांस एचटीएमएलची एक प्रत आपोआप जोडली जाते, याची तिला कल्पना असण्याचे कारण नाही. दुकानांच्या जाहिराती आणि आईचे पत्र यांत त्या नियमाला फरक करता येत नाही. तो फरक नियम लिहिणाऱ्यानेच करावयास हवा होता.

विलंबाचे मूळ समजण्यासाठी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, चिरंजीव वापरतो त्या, मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या ‘मट’ या कार्यक्रमास एचटीएमएल स्वतः मांडता येत नाही. एचटीएमएल म्हणजे मजकुरासोबत त्याच्या मांडणीच्या खुणा लिहिण्याची पद्धत. त्या खुणांचा अर्थ लावून वाचनीय मजकूर काढण्याचे काम मट बाहेरच्या कार्यक्रमाकडे सोपवतो, आणि कोणत्या प्रकारचा भाग कोणाकडे द्यावयाचा हे ‘मेलकॅप’ नावाच्या छोट्या फायलीत पाहतो. या फायलीची रीत नॅथॅनिअल बोरेनस्टाइन यांनी १९९३ मध्ये लेखबद्ध केली. बाहेरचा कार्यक्रम म्हणून सामान्यतः जपानमधील अकिनोरी इतो यांचा ‘डब्ल्यूथ्रीएम’ किंवा कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला ‘लिंक्स’ वापरतात, आणि तो प्रत्येक पत्रासाठी नव्याने सुरू होऊन, मजकूर मटच्या हाती देऊन बंद होतो. म्हणजे चिरंजीव ज्याला मटचा संथपणा म्हणतो तो बहुधा मटचा नसतोच.

ताईच्या पत्राबाबत तर बाहेरच्या कार्यक्रमास बोलावण्याचेही कारण नव्हते. एकाच पत्रात एकाच मजकुराची अनेक रूपे ठेवण्याची सोय १९९२ मध्ये बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या ‘माइम’ या पद्धतीत आहे. तिच्यानुसार साधे रूप आधी आणि सजवलेले रूप शेवटी ठेवले जाते आणि घेणाऱ्याच्या कार्यक्रमाने आपल्याला झेपेल ते निवडावे अशी अपेक्षा असते. मटमध्ये ही निवड ‘अल्टरनेटिव्ह ऑर्डर’ या आज्ञेने ठरते. ती आज्ञा लिहिलेली नसेल आणि ‘ऑटो व्ह्यू’ या आज्ञेत मात्र एचटीएमएलचे नाव असेल, तर साधा मजकूर शेजारीच असूनही मट एचटीएमएलची प्रत उचलतो. चिरंजीवाच्या सेटिंगमध्ये नेमके असेच असावे असा मामाचा दाट संशय आहे. सेटिंगच्या फायलीत अल्टरनेटिव्ह ऑर्डरपुढे साधा मजकूर प्रथम आणि एचटीएमएल नंतर, एवढी एक ओळ घातली की ताईचे शब्द कोणत्याही मध्यस्थाविना पडद्यावर येतील.

ज्या पत्रांत साधे रूप नसतेच, त्यांच्यासाठी मात्र शोध घ्यावा लागेल, आणि तो अंदाजाने न घेता मोजून घ्यावा. पत्र आणण्यात वेळ जातो की पत्र मांडण्यात, हे आधी वेगळे करावे. यासाठी त्या पत्राची प्रत संगणकावरील स्थानिक कप्प्यात ठेवून तेथून उघडावी: ती झटकन उघडली तर दोष आणण्याचा, आणि तीही रेंगाळली तर दोष मांडणीचा. आयमॅप पद्धतीने सर्व्हरवरून पत्र घेताना मट ते जोडपत्रांसह संपूर्ण उतरवतो, म्हणून ताईने पत्रासोबत पाठवलेल्या कपाशीच्या मोठ्या छायाचित्रांमुळे पहिल्या वेळी थांबावे लागणे स्वाभाविक आहे. पत्रे साठवण्यासाठी ‘मेसेज कॅश’चा मार्ग नेमून दिला की तेच पत्र पुन्हा उतरवावे लागत नाही.

दोष मांडणीचा ठरला, तर पत्रातील एचटीएमएल भाग फायलीत जतन करून, मेलकॅपमध्ये लिहिलेली आज्ञा त्या फायलीवर ‘टाइम’ या आज्ञेसह हाताने चालवावी. टाइम तीन आकडे देते: एकूण लोटलेला वेळ, कार्यक्रमाने प्रोसेसर वापरलेला वेळ आणि कार्यक्रमाच्या वतीने प्रणालीने वापरलेला वेळ. एकूण वेळ मोठा असून उरलेले दोन्ही आकडे नगण्य असतील, तर कार्यक्रम काम करीत नसून कशाची तरी वाट पाहत आहे. प्रोसेसरचा आकडाच मोठा असेल, तर तो खरोखर कष्ट करीत आहे. बहुतेक लोक हा भेद न पाहताच कार्यक्रम बदलतात आणि नवा कार्यक्रमही त्याच ठिकाणी अडतो.

वाट पाहण्याचे कारण बहुधा नेटवर्कच असते. काही कार्यक्रम सुरू होताना यंत्राचे स्वतःचेच नाव नावसूचीच्या सर्व्हरकडे विचारतात, काही पत्रात उल्लेखलेली दूरची सामग्री मागवू पाहतात, आणि नावसूचीचा सर्व्हर निरुत्तर असेल तर लिनक्सवर प्रत्येक प्रयत्नासाठी प्रघाताने ५ सेकंद थांबतात. म्हणून विलंब प्रत्येक पत्राला सारखाच, ५ किंवा १० सेकंदांच्या आसपास येत असेल, तर पत्राच्या आकाराकडे न पाहता नावसूचीकडे पाहावे, वाय-फाय बंद करून तीच आज्ञा पुन्हा मोजावी, आणि यंत्राचे नाव ‘होस्ट्स’ फायलीत आहे की नाही हे तपासावे. मोताळ्यात पत्रे रात्री एकदाच उतरवून संगणकावर ठेवली जातात, कारण राजूर घाटाच्या या बाजूस नेटवर्कचा दिवसा भरवसा नसतो. तरीही चिरंजीवाने नमुना म्हणून पाठवलेले एक जाहिरातवजा पत्र येथे जुन्या संगणकावर लगेच उघडते. यावरून एवढेच सिद्ध होते की मांडणीला नेटवर्कची गरजच नाही; पुण्यात बहुधा कोणीतरी ती गरज विनाकारण निर्माण करीत आहे.

कष्टाचे कारण वेगळे. जाहिरातीची पत्रे तक्त्यात तक्ता, त्यात पुन्हा तक्ता अशी रचलेली असतात, आणि प्रत्येक आतील तक्त्याची रुंदी ठरल्याशिवाय बाहेरच्याची ठरत नाही, त्यामुळे डब्ल्यूथ्रीएमसारख्या कार्यक्रमास तेच गणित अनेकदा करावे लागते. काही पत्रांत चित्रेच अक्षरांच्या रूपात आत भरलेली असतात. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि ‘कोटेड प्रिंटेबल’ या वेष्टनात त्याची ९ चिन्हे होतात, हे खरे असले तरी तेवढ्याने मराठी पत्र रेंगाळत नाही. मेलकॅपमधील ओळीत डब्ल्यूथ्रीएमला मजकूर ओतून बाहेर पडण्याची ‘डंप’ आज्ञा, मजकुराचा प्रकार, अक्षरसंच आणि शेवटी ‘कोपियस आउटपुट’ हा शब्द असावा; हा शेवटचा शब्द नसेल तर मट त्या ओळीचा उपयोग आपोआप मांडणीसाठी करीत नाही. कार्यक्रमाने मजकूर दिल्यानंतरही पाने सरकवताना मट अडखळत असेल, तर मजकुरास रंग देण्याचे नियम लांबलचक ओळींवर झिजत आहेत असे समजून ते तात्पुरते काढून पाहावे.

कोणी सहकारी असेही सुचवील की, एवढ्या खटाटोपापेक्षा प्रत्येक पत्र थेट ब्राउझरमध्ये उघडावे. ते नित्याचे करू नये. पत्रात लपवलेले एका बिंदूएवढे चित्र ब्राउझरने मागवले की पत्र केव्हा आणि कोठून उघडले हे पाठवणाऱ्यास कळते. आणि २०१८ मध्ये म्युन्स्टर येथील संशोधकांनी इतरांसह उघड केलेल्या ‘ईफेल’ या दोषात तर कूटबद्ध पत्राचा उलगडलेला मजकूरच एचटीएमएलच्या वाटेने बाहेर नेता येत होता. चिरंजीवाने अक्षरमात्र कार्यक्रम निवडला तो योग्यच निवडला. निवड योग्य असूनही तिची किंमत ताईच्या पत्राने का मोजावी, एवढेच मामाला कळत नाही.

पुन्हा त्या कप्प्याकडेच मन जाते. परीक्षेचे सूचनापत्र, बँकेचा इशारा, मुलाखतीचे बोलावणे, यांपैकी काय काय तेथे पडून असेल याचा विचार रात्री येतो, आणि या सर्वांतून ताईचे पत्र वेगळे दिसत राहते. त्यात काय लिहिले आहे हे येथे सांगणे उचित नाही. ते तिच्याच शब्दांत वाचावे.

मामाचे तरुणपण मुंबईत गेले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्या वेळच्या स्वस्त खात्यांत केवळ अक्षरेच दिसत. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या ‘पाइन’ या कार्यक्रमात परदेशातील मित्रांची पत्रे उघडण्याचा त्या काळी मोठा हर्ष वाटे. त्याच दिवसांत मोताळ्याहून आजोबांची पोस्टकार्डे येत असत. त्यांचे अक्षर किती गिचमिड होते हे घरात सर्वांस ठाऊक आहे. एक ओळ लावण्यास वेळ लागे, म्हणून ती कार्डे रविवारच्या फुरसतीसाठी बाजूस ठेवली जात, आणि रविवार दुसऱ्याच कामात निघून जाई. आजोबांनी त्याविषयी कधी विचारले नाही. खोल्या बदलताना ती कार्डे कोठे गेली ते कळले नाही, आणि नलगंगेच्या धरणात त्या वर्षी पाणी किती आले होते, विहिरीच्या कामाचे पुढे काय झाले, असे त्यांत लिहिलेले काही आता कोणास विचारताही येत नाही.

वरील बोलणे कठोर झाले असेल तर ते मनास लावून घेऊ नये. पहाटेपर्यंत काम करणाऱ्या मुलास प्रत्येक पत्रापुढे थांबणे असह्य झाले यात त्याचा स्वभावदोष नाही, आणि नियम लिहिण्याइतके ज्ञान त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवले याचे कौतुक मोताळ्यात मामा सर्वांना सांगत असतो. मोजमापे आज करण्याची आवश्यकता नाही. नावसूची, मेलकॅप, तक्ते हे सर्व सुटीच्या दिवसापर्यंत थांबू शकते. टाइमचे आकडे आणि एखाद्या पत्राचा एचटीएमएल भाग पाठवला तर येथूनही पाहता येईल. आज फक्त तो कप्पा उघडावा, आणि ताईचे पत्र उघडण्यास वेळ लागला तर तेवढा वेळ लागू द्यावा.

ताईला उत्तर लिहिताना नियमाचा, कप्प्याचा किंवा या पत्राचा उल्लेख करू नये. उशीर कामामुळे झाला असे ती आधीच सर्वांना सांगून बसली आहे. चार ओळी पुरतील, आणि जेवण वेळेवर होते की नाही हे त्यांत असावे, कारण ती पहिल्यांदा तेच शोधील. दिवाळीस येण्याचे ठरले की गाडी कळवावी. ती मलकापूरला कितीही अपरात्री पोहोचणार असली तरी मामा स्टेशनवर असेल.

कळावे. अनेक आशीर्वाद.