घरचें इंटरनेट मंद कां चालतें ?



"नेट चालत नाहीं" हें वाक्य आज आपल्या जिल्ह्यांत जितक्या वेळां कानीं पडतें, तितक्या वेळां "पाऊस नाहीं" हेंही पडत नसेल. परंतु हें वाक्य म्हणजे वैद्यापुढें बसून "मला बरें नाहीं" एवढेंच सांगण्यासारखें आहे. पोट दुखतें कीं डोकें, ताप रोज येतो कीं दिवसाआड, हें कळल्यावांचून औषध देतां येत नाहीं. तरीही पुष्कळ घरांत या दुखण्यावर परीक्षेवांचूनच औषध विकत आणलें जातें. कोणी पूर्वीच्या दुप्पट वेगाची जोडणी घेतो, कोणी सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून मुलासाठीं नवा लॅपटॉप आणतो, आणि आठ दिवसांनीं पाहावें तों पान पूर्वीसारखेंच गरगर फिरत बसलेलें. हा खर्च वांचावा, आणि अर्ज भरण्याच्या ऐन दिवशीं मुलाचा जीव टांगणीस लागूं नये, एवढ्यासाठीं दोष शोधण्याची रीत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्याच जिल्ह्यांतील एक जुनी गोष्ट पाहूं. मुंबईहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग जलंबवरून गेला, आणि वऱ्हाडांतील कापसाची मोठी पेठ जें खामगांव, तें तेथून सुमारें ८ मैल बाजूस राहिलें. मुंबई ते जलंब ही शेंकडों मैलांची वाट आगगाडीनें झपाट्यानें तुटे. शेवटचे ८ मैल मात्र बैलगाडीचे. १८७० सालीं जलंब-खामगांव फाटा सुरू झाला तेव्हां ही अडचण दूर झाली. त्यापूर्वीं मुख्य मार्गावर कोणी दुप्पट वेगाचें इंजिन जोडलें असतें, तरी खामगांवच्या कापसाच्या गांठींची बैलगाडी कांहीं लवकर चालली नसती. आपल्या घरच्या इंटरनेटची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. माहितीच्या प्रवासाचे चार टप्पे असतात : स्वतः लॅपटॉप, लॅपटॉपपासून राउटरपर्यंतची वाय-फायची हवेंतील वाट, राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतची व तेथून पुढची तार, आणि शेवटीं दूरचें संकेतस्थळ. यांपैकीं बैलगाडीचा टप्पा कोणता, हें आधीं ठरविलें पाहिजे.

तें ठरविण्यास दोन कसोट्या पुरतात. लॅपटॉप रखडत असतां त्याच जागीं बसून, त्याच वाय-फायवर, तेंच पान मोबाइलवर उघडावें. मोबाइलचा स्वतःचा डेटा मात्र आधीं बंद करावा, नाहींतर साक्षीदारच खोटा निघेल. ही पहिली कसोटी. दुसरी याच्या उलट : मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यास जोडावा व तेंच पान पुन्हां पाहावें. या कामास पांच मिनिटें लागतात. तीं न देतां दुकानाची पायरी चढूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मोबाइलवर पान झटकन उघडतें, आणि लॅपटॉप मात्र हॉटस्पॉटवरही रखडतो, तर दोष लॅपटॉपांतच आहे. कंपनीस बोल लावणें हा मुसळ घरांत ठेवून कुसळ बाहेर शोधण्याचा प्रकार होय. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांवर किती भार आहे तें टक्क्यांत दिसतें. मेमरीचा आंकडा ९० च्या वर असेल तर ब्राउझरमध्यें टॅब किती उघडे आहेत तें मोजावें. ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर तीस टॅब उघडे ठेवणें म्हणजे एका खाटेवर दहा जणांनीं निजणें. जागा पुरेनाशी झाली कीं यंत्र कांहीं मजकूर मेमरींतून उचलून डिस्कवर ठेवतें, आणि लागला कीं पुन्हां आणतें. डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची असेल तर ही ने-आण फारच सावकाश होते, आणि डिस्कचा आंकडा १०० ला चिकटून बसतो. अशा यंत्रास बहुधा एसएसडी या न फिरणाऱ्या डिस्कची, आणि जरूर तर थोड्या अधिक मेमरीची गरज असते. या दुरुस्तीचा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानानें पुष्कळच कमी येतो. कांहीं पातळ यंत्रांत मेमरी आंतील पट्टीवर कायमची बसविलेली असते, म्हणून पैसे देण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

हे आंकडे ठीक असूनही पान अडत असेल, तर ब्राउझरची खाजगी खिडकी, जिला इन्कॉग्निटो म्हणतात, ती उघडून तेंच पान पाहावें. या खिडकींत एक्स्टेन्शन नांवाचे जोड-कार्यक्रम सहसा बंद असतात. तेथें पान लवकर आलें तर चोर सांपडला. फुकट चित्रपट उतरवून देण्याच्या आशेनें घरांत घेतलेले हे पाहुणे पुष्कळदां यजमानाचेंच धान्य खातात. ओळखीचे नसतील ते सर्व काढून टाकावे.

उन्हाळ्याचें कारण निराळें आहे. बुलढाणा शहर घाटावर असल्यानें तेथें हवा त्यांतल्या त्यांत थंड. परंतु मलकापूर, नांदुरा, शेगांव हा पूर्णेच्या खोऱ्यांतील भाग मे महिन्यांत ४० अंशांच्या वर तापतो. प्रोसेसर फार तापला म्हणजे तो जळूं नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवला कीं त्याचे खालचे झरोके बुजतात. यावर उपाय म्हणजे एक लांकडी पाट.

आतां दुसरी स्थिति घेऊं. हॉटस्पॉटवर लॅपटॉप नीट चालतो, परंतु घरच्या वाय-फायवर लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही रखडतात. दोष मग वाय-फायचा किंवा त्यापलीकडील तारेचा. लॅपटॉप केबलनें थेट राउटरला जोडावा. तशी सोय नसेल तर राउटरपासून दोन हातांवर जाऊन बसावें. तेथें पान धांवूं लागलें तर तार निर्दोष आणि हवेंतील वाट दोषी. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर बोलतात. पहिली दूरवर पोंचते पण तिच्यावर गर्दी फार, आणि मायक्रोवेव्हची भट्टीही सुमारें २.४५ वरच चालते. दुसरी वेगवान आहे, परंतु भिंती ओलांडतांना लवकर थकते. जुन्या घरांच्या जाड भिंती, टिनाचे पत्रे, लोखंडी कपाट हे सर्व तिचे शत्रु. इतकें असून राउटर ठेवण्याची आमच्या लोकांची आवडती जागा कोणती, तर टीव्हीच्या मागें, कपाटाच्या कुशींत ! तो घराच्या मध्यभागीं, उंचावर, मोकळ्या जागीं ठेवावा.

केबल लावूनही पान अडतें, तेव्हां तारेची नाडी पाहावी. त्यासाठीं पिंग नांवाची लहानशी आज्ञा आहे. माइक मूस या अमेरिकन संशोधकानें ती डिसेंबर १९८३ मध्यें लिहिली. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग हा शब्द व त्यापुढें ८.८.८.८ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत व अंकांत लिहिला, म्हणजे निरोप जाऊन परत येण्यास किती मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे सहस्रांश, लागले तें दिसतें. आतां थोडें गणित करूं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर जातो. मुंबई येथून ४०० किलोमीटर धरली तर जाण्यायेण्यास ४ मिलिसेकंद पुरेत. वाटेंतील वळणें व यंत्रें धरून २० ते ४० आंकडा आला तर प्रकृति उत्तम. तोच सकाळीं ३० आणि रात्रीं नऊला ३०० येत असेल, तर अंतर कांहीं वाढलेलें नाहीं; मध्यें रांग लागलेली आहे.

ही रांग कधीं कधीं घरांतच लागते. एकाचे शेंकडों फोटो मोबाइलवरून वर चढत असतात आणि दुसऱ्याचा वर्ग अडतो. सर्व उपकरणें बंद करून एकट्या लॅपटॉपवर पिंग पाहिली कीं हें उघड होतें. रांगेचा परिणाम किती भयंकर असतो तें ऑक्टोबर १९८६ मध्यें दिसलें. कॅलिफोर्नियांत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांमध्यें अंतर अवघें ४०० यार्ड. पण गर्दीमुळें सेकंदास ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यानें याचा अभ्यास करून १९८८ सालीं जी रीत मांडली, तिचा सारांश असा कीं गर्दी दिसतांच प्रत्येकानें आपण होऊन सावकाश बोलावें. ती रीत त्या वेळीं इंटरनेटनें अंगीकारली म्हणूनच तें तगलें.

जोडणी विकत घेतांना वेग आणि अंतर यांत गल्लत करूं नये. ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० मेगाबिटांच्या जोडणींतून सेकंदास ५ मेगाबाइट येतात, आणि साधें पान उघडण्यास तेवढे पुष्कळ झाले. हा झाला येळगांवच्या धरणापासून येणाऱ्या नळाचा व्यास. परंतु संकेतस्थळ अमेरिकेंत असेल तर सुमारें १३,००० किलोमीटर दूर जाऊन परत येण्याच्या फेरीस निसर्गच १३० मिलिसेकंद घेतो. प्रत्यक्षांत २०० च्या वर लागतात. आणि पानाचें पहिलें अक्षर येण्यापूर्वीं ओळख करून घेणें, गुप्ततेचा करार करणें व मागणी नोंदविणें अशा सहसा तीन फेऱ्या होतात. १०० मेगाबिटांची जोडणी घेतल्यानें यांतील एकही फेरी वांचत नाहीं.

तार दोषी ठरली तर तक्रार करावी, परंतु "नेट चालत नाहीं" अशी नव्हे. तीन दिवस सकाळीं व रात्रीं, केबल लावून, तारीख, वेळ, पिंगचा आंकडा व मोजलेला वेग वहींत लिहावा. मोजण्यासाठीं दूरसंचार नियामक प्राधिकरणाचें मायस्पीड ॲप आहे. केंद्र सरकारनें जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड या नांवास किमान २ मेगाबिटांची अट घातली आहे, हेंही ध्यानांत असूं द्यावें. असें टिपण हातीं आलें म्हणजे कंपनीच्या माणसास "राउटर बंद करून चालू करा" एवढ्यावर वाटेस लावतां येत नाहीं.

राहिला शेवटचा टप्पा. कधीं दोष इतका दूर असतो कीं घरांत कांहींच करण्यासारखें नसतें. ३० जानेवारी २००८ रोजीं अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन केबली तुटल्या आणि भारतांतील असंख्य संगणक एकाच दिवशीं मंदावले. जवळचें उदाहरण अकरावीच्या प्रवेशाचें. २०२५-२६ पासून ही केंद्रीय ऑनलाइन पद्धति महानगरांपुरती न राहतां साऱ्या राज्यास लागू झाली, आणि आपल्या जिल्ह्यांतील मुलेंही प्रथमच त्या रांगेंत उभीं राहिलीं. २१ मे २०२५ रोजीं पहिल्याच दिवशीं तें संकेतस्थळ बंद पडलें व २६ मेपासून नोंदणी नव्यानें सुरू करावी लागली. त्या दिवशीं ज्यानें राउटर बदलला त्याचे पैसे व्यर्थ गेले. इतर सर्व पानें धांवतात आणि एकच पान अडतें, तर दोष त्या पानाकडचा समजावा. तें पुन्हां पुन्हां ताजें करीत राहिल्यानें रांग मात्र वाढते. पहाटे पांचला उठून पुन्हां प्रयत्न करावा, आणि मुदतीचा पहिला व शेवटचा हे दोन दिवस सोडून मधलाच एखादा दिवस धरावा.